पाऊण मिनिट मागचं चित्र

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात भावोजी इस्त्रीच्या रोलरला चादरी लावत होते. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मावशींच्या. दोघांनी एकदम ताण द्यायचा, कड सरळ करायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी सोडून द्यायची. एकानं घाई केली की चादर तिरकी जाते, मधे सुरकुती बसते आणि पलीकडे घडी घालणाऱ्या दोघी उद्धार करतात. हे दोघं इतकी वर्षं समोरासमोर उभे होते की एकमेकांकडे बघायची गरज राहिली नव्हती. हात आपोआप चालत. तोंडं मोकळी असत.

“काय म्हणते कालची शर्यत?” मावशींनी विचारलं. दर सोमवारी त्या विचारत. शर्यतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण विचारलं नाही तर हा माणूस दिवसभर धुमसत राहतो हे कळत होतं.

“काय म्हणणार? पाचव्या नंबरसाठी तिघं जण एकमेकांच्या अंगावर चढत होते. आणि हे दाखवतायत काय? संघमालकाची बायको. काळा चष्मा लावून बसलीय. तीनदा दाखवली.”

“दिसायला बरी असेल.”

“अहो मावशी, ती शर्यतीत होती का?”

“नसेना का. माझ्यासारखीनं टीव्ही लावला तर मला तीच बघायला आवडेल. चाकं काय, रस्त्यावर पण फिरतात.”

“मग तिघांतला पुढे कोण गेला ते कुणी सांगायचं? जाहिरातीतून परत आले तोवर संपलं होतं. समालोचक म्हणतो, ‘आणि दरम्यान क्रमवारीत काही बदल झालेत.’ दरम्यान! तो पण आमच्यासारखाच खोलीत बसून टीव्ही बघतोय. त्याला काय घंटा कळणार?”

“तक्रार केलीत?”

“केली.”

“टोपी येईल मग अजून एक,” मावशी म्हणाल्या आणि पलीकडच्या दोघी खो खो हसल्या.

टोपीची गोष्ट धुलाईघरात सगळ्यांना पाठ होती. वाहिनीच्या तक्रारीच्या नंबरवर भावोजी गेली कित्येक वर्षं फोन करत आले होते. आवाज न चढवता, शर्यतीचं नाव, फेरी आणि काय दाखवायला हवं होतं ते सांगत. एकदा वाहिनीनं त्यांना ‘आमच्या निष्ठावान प्रेक्षकाला’ म्हणून निळी टोपी पाठवली. ती टोपी आता मावशी ड्रायरची जाळी साफ करताना केसांत धागे जाऊ नयेत म्हणून घालत.

भावोजी हे त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ पूर्वी याच धुलाईघरात ड्रायरवर कामाला होता. दिवसभर तो यंत्रांच्या आवाजात “भावोजी, ट्रॉली!”, “भावोजी, जेवायला!” असं ओरडायचा. हळूहळू सगळेच ओरडू लागले. वयानं मोठ्या मावशी त्यांना भावोजी म्हणू लागल्या, मुकादम म्हणू लागला, वॉर्डातून मळके कपडे घेऊन येणारी माणसंसुद्धा. ज्याच्यामुळे हे नाव पडलं तो आता नाही. नाव राहिलंय.

त्याला घरात छोट्या म्हणत. ताईपेक्षा, म्हणजे भावोजींच्या बायकोपेक्षा, तो अकरा वर्षांनी लहान. शाळेसाठी म्हणून बहिणीकडे आला तो तिथलाच झाला. भावोजींना तेव्हापासूनच मोटारसायकलींच्या शर्यतींचं वेड होतं आणि त्यांनी ते या पोराला लावलं. दोघं दुपारभर टीव्हीपुढे बसत. पुढच्या गाडीकडे बघायचं नाही, हा भावोजींनी शिकवलेला पहिला धडा. पुढचा एकटाच पळत असतो, त्याच्याकडे काय बघायचं? मागे बघ. चित्राच्या कडेला बघ. शर्यत तिथे असते. छोट्या इतका पुढे सरकून बसायचा की ताई म्हणायची, “आत जाऊन बस एकदाचा.”

तो खरंच आत गेला. ओळखीच्या गॅरेजवाल्यानं जुनी गाडी दिली, ड्रायरची पाळी संपली की दोघं ती उघडून बसत. चार वर्षांत तो राष्ट्रीय शर्यतीच्या दुय्यम गटात पळू लागला. गाडीचा नंबर एकसष्ट. दुय्यम गटाचं प्रक्षेपण व्हायचं, पण ते असं, की पहिल्या तिघांपलीकडे कोणी पळतंय याची वाहिनीला खबर नसावी. संपूर्ण हंगामात एकसष्ट नंबर एकदाही धड दिसला नाही. ताई प्रत्येक शर्यतीला अर्धा तास बसायची, “कुठाय तो?” म्हणून विचारायची आणि उठून जायची. ती सार्वजनिक वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. हाताला काम नसताना बसणं तिला जमत नाही.

मग भावोजींनी दुसरी सोय केली. शर्यतीची वेळ नोंदणारी यंत्रणा मोबाईलवर दिसते. नुसती नंबरांची रांग. गाडी एकेका टप्प्यावरून गेली की तिच्या ओळीतले आकडे बदलतात. मांडीवर मोबाईल आणि समोर टीव्ही, असं ते बघू लागले. टीव्ही दाखवतो ते चित्र, आणि शर्यत मोबाईलमध्ये. अशा पद्धतीनं बघणाऱ्या माणसांना एक गोष्ट लवकरच कळते, ती म्हणजे टीव्हीचं चित्र मागे असतं. कुठे अर्धं मिनिट, कुठे जास्त. भावोजींच्या घरी ते पाऊण मिनिट मागे असे. कोण कोणाला मागे टाकणार, हे त्यांना आधीच माहीत असे. ते ताईला म्हणत, “आता बघ हं, तीन नंबर पडणार.” तीन नंबर पडायचा. ताई म्हणायची, “नजर लावता तुम्ही.”

दुसरी गोष्टही अशा माणसांना माहीत असते. मोबाईलवरची रांग सारखी अडकते. मधेच एखादी ओळ करडी पडते, आकडे थांबतात आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू होतात. त्याचं कोणी काही वाटून घेत नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी एकसष्टची ओळ करडी पडली.

भावोजींनी मोबाईल हलवला. तेवढ्यात टीव्हीवर, पहिल्या नंबरची गाडी लांबच लांब सरळ रस्त्यावरून येत होती आणि तिच्या पुढे एक मागे पडलेला गडी होता. पहिला त्याला एक पूर्ण फेरीनं मागे टाकणार होता. कॅमेरा पहिल्याबरोबर सरकत होता, म्हणून तोही चित्रात आला. लाल हेल्मेट, एकसष्ट.

“अगं, धाव! छोट्या!”

ताई स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आली. “कुठाय?”

“हा काय! मोबाईल अडकलाय मेला. इकडे बघ, चाललाय बघ कसा!”

ताईनं बघितलं. तिनं टाळ्या वाजवल्या. “छोट्या! अगं बाई, दिसला की!” तीन-चार सेकंद असतील. मग पहिला पुढे गेला, कॅमेरा त्याच्याबरोबर गेला, एकसष्ट नंबर चित्राच्या डाव्या कडेतून बाहेर गेला आणि जाहिरात लागली. ताई हात पुसत आईला फोन करायला निघून गेली. टीव्हीवर दिसला म्हणून सांगायला.

ती टाळ्या वाजवत होती तेव्हा तो पुढच्या वळणाबाहेर पडलेला होता. मोबाईल अडकला नव्हता.

जाहिरातींनंतर पुन्हा पहिलाच दिसला. एकटा, आरामात, दोन फेऱ्या. मग एकदम शर्यत थांबवणारा लाल झेंडा, स्टुडिओ, समालोचकांचे गंभीर चेहरे आणि नंतर मागच्या वर्षीची कसलीशी जुनी शर्यत. संध्याकाळी आयोजकांचा माणूस दारात आला. म्हणाला, जागीच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल.

ताईनं हे एक वाक्य धरून ठेवलं. रडून झाल्यावर, लोक येऊन गेल्यावर, ती तेवढंच सांगे. जागीच. कळलं नाही त्याला. आई गेली तीही हेच ऐकून गेली.

वाहिनीनं त्या आठवड्यात ती शर्यत तीनदा पुन्हा दाखवली. रिकाम्या वेळेत भरायला काहीतरी लागतं. अपघात त्यात नव्हता, त्यामुळे कापायचं काही कारणच नव्हतं. चित्र जिथे जाहिरातीला थांबलं होतं तिथेच थांबायचं आणि त्याआधी लाल हेल्मेट डावीकडून बाहेर जायचं. भावोजी एकदा पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत आले तर टीव्ही चालू होता. शेजाऱ्यांचं पोर आलेलं, त्यानं लावलेला. छोट्या चालला होता.

तेव्हापासून ताई शर्यतीच्या वेळी खोलीत येत नाही. भावोजी मात्र बघतात. लोक म्हणतात, कसं बघवतं? बघितलं नाही तर जास्त त्रास होतो, एवढंच ते सांगतात. मोबाईलही मांडीवर असतो. एखादी ओळ करडी पडली की त्यांचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट होतो. समोर तो नंबर अजून पळत असतो, वळणात वाकतो, कोपर टेकवतो, सरळ होतो. त्याचं काय होणार ते झालेलं असतं आणि चित्राला ते माहीत नसतं. बहुतेक वेळा नुसती यंत्रणा अडकलेली असते. ओळ पुन्हा चालू होते. भावोजी उठून तोंड धुऊन येतात.

शर्यत संपली की आतून ताईचा आवाज येतो. “सगळे आले का?”

टीव्हीवर तोवर पहिल्या तिघांचं कौतुक चालू झालेलं असतं. मागचे आले का, किती आले, हे कोणी दाखवत नाही. भावोजी मोबाईलवर एकेक ओळ बघतात आणि मग सांगतात, “आले.” वाहिनीला ते जे फोन करतात, त्यात शेवटची तक्रार नेहमी ही असते. सगळे घरी पोचल्याचं दाखवत जा. पलीकडची मुलगी ती लिहून घेते की नाही, कोण जाणे.

हे असं चाललेलं होतं.

त्या सोमवारी दहाच्या चहाला भावोजी आणि मावशी मागच्या फाटकापाशी गेले. तिथे मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या उतरतात आणि रुग्णवाहिका उभ्या असतात. महिन्याभरापूर्वी एक नवा ड्रायव्हर लागला होता. आधी खाजगी रुग्णवाहिकेवर होता. माणूस बोलका होता. भावोजींचं काळ्या चष्म्याचं रडगाणं अजून संपलं नव्हतं.

“खरंय तुमचं,” ड्रायव्हर म्हणाला. “मी ट्रॅकवर ड्यूटी केलीय ना, चार वर्षं. वळणावर गाडी लावून बसायचो. आमच्या डोळ्यांपुढे जे चालायचं त्यातलं काही घरी दिसायचं नाही. मी बायकोला सांगायचो, ती म्हणायची, थापा मारतोस.”

“कुठलं वळण?” भावोजींनी विचारलं.

“सरळ रस्ता संपतो ना, ते. वाईट जागा. एकदा तर, ते एकसष्ट नंबरचं झालं बघा, माझ्या समोर झालं. शंभर पावलांवर. आणि टीव्हीवर काय? तर जाहिरात.”

मावशींनी कप खाली ठेवला. “ए बाबा—”

“नाही, ऐका तर. माझ्या गाडीच्या काचेमागे कॅमेरा होता, कंपनीनं लावलेला. सगळं आलंय त्यात. पहिल्यापासून. चौकशीत कोणी मागितलंच नाही. आम्ही द्यावं, तर आम्हाला कोण विचारतो? आहे अजून माझ्याकडे.”

“अरे गप्प बस की!” मावशी म्हणाल्या. “मेहुणा होता तो त्यांचा.”

ड्रायव्हरनं आधी मावशींकडे बघितलं, मग भावोजींकडे. “मला खरंच माहीत नव्हतं, भावोजी,” तो म्हणाला, आणि हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की इथे सगळे या माणसाला असं का म्हणतात. तो आपल्या गाडीचं दार उगाच उघडून लावू लागला.

भावोजी म्हणाले, “चहा गार होतोय.” आणि ते खाली रोलरवर गेले. त्या दिवशी चादरी तिरक्या गेल्या. पलीकडच्या दोघी काही बोलल्या नाहीत.

सहा वर्षं ते एकच म्हणत आले होते, की यांनी दाखवलं नाही. आता दाखवायला एक माणूस तयार होता, तर मंगळवार गेला, बुधवार गेला, भावोजींनी मागच्या फाटकाकडे फिरकणंच सोडलं. चहा तळघरात पिऊ लागले. ड्रायरचं काचेचं गोल दार, आत फिरणारे कपडे. त्यांना तिथे उभं राहवेना, म्हणून ते पाठ करून बसत. मावशींनी विचारलं, “बघणार का?” ते म्हणाले, “बघू.” मावशी म्हणाल्या, “हे काय उत्तर झालं?”

गुरुवारी दुपारी पाळी संपल्यावर ते स्वतःच ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. “लाव,” म्हणाले.

ड्रायव्हरनं मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि खाली उतरून उभा राहिला.

काचेतून दिसणारं वळण. कोपऱ्यात रुग्णवाहिकेच्या बॉनेटचा तुकडा. गाड्या येतात, वाकतात, जातात. आवाज गाडीच्या आतला, त्यामुळे बाहेरचं सगळं दबलेलं. पहिला येतो, जातो. मग लाल हेल्मेट. ते वळणात शिरतं आणि गाडीचं मागचं चाक सुटतं. धडक कोणाशी नाही. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे, कडेच्या भिंतीपर्यंत. धूळ खाली बसते. तो पडलेला दिसतो.

मग काही होत नाही. रुग्णवाहिका हलत नाही. तिचं इंजिन चालू आहे, त्याची थरथर चित्रात आहे. वॉकीटॉकीवर ड्रायव्हरचा आवाज: माणूस पडलाय, निघू का? पलीकडून: कुठल्या वळणावर? ड्रायव्हर वळण सांगतो. पलीकडून: स्क्रीनवर काही दिसत नाहीये, थांबा, खात्री करतो. त्या लहान ट्रॅकवर नियंत्रण कक्षाचे स्वतःचे कॅमेरे नव्हते. ते प्रक्षेपणाचंच चित्र बघत. आणि त्या चित्रात पहिला नंबर एकटा पळत होता. हुकूम आल्याशिवाय ट्रॅकवर गाडी घालायची नाही, हा नियम. ड्रायव्हर पुन्हा विचारतो. थांबा. गाड्या पुन्हा येतात, वाकतात, जातात.

तेवढ्यात उजवीकडून कोणी तरी पळत येतं. वळणावर झेंडे दाखवणाऱ्यांचे नारिंगी कपडे, हातात झेंडा नाही, तो तिनं सोबत्याकडे दिलेला. बाई आहे. ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसते, ट्रॅककडे पाठ करून, एक हात येणाऱ्या गाड्यांना थोपवायला मागे धरलेला. दुसऱ्या हातानं त्याच्या हेल्मेटची काच वर करते. वाकते. काहीतरी बोलते. आणि त्याचा हातमोजा वर येतो, चाचपडत, आणि तिची बाही धरतो. तिचं डोकं आणखी खाली जातं, ऐकायला जातं तसं. मान हलवते. पुन्हा हलवते.

ते संपायच्या आत हुकूम येतो, रुग्णवाहिका एकदम वळते आणि चित्रात नुसती भिंत येते.

भावोजी खाली उतरले. ड्रायव्हर म्हणाला, “मी तीनदा विचारलं होतं, भावोजी.”

“ऐकलं मी.”

“नियम मोडून गेलो असतो तर—”

“माहीत नाही,” भावोजी म्हणाले. “तुलाही नाही आणि मलाही नाही.” त्यांनी चित्रफीत आपल्या मोबाईलवर घेतली. घरापर्यंत चालत गेले. बसनं गेले असते तर लवकर पोचले असते.

जागीच गेला नव्हता. एवढंच डोक्यात होतं. ताईकडे छोट्याचं उरलेलं म्हणावं असं ते एकच वाक्य होतं आणि ते खोटं होतं. हे तिला सांगून काय मिळणार? आपणच एकदा तिला टाळ्या वाजवायला लावल्या. पुन्हा तिच्यापुढे चित्र धरायचं नाही. हे त्यांनी ठरवलं आणि जिना चढले.

मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या दुपारीच पुस्तक बदलायच्या निमित्तानं वाचनालयात जाऊन आल्या होत्या. पुस्तक त्या कधीच वाचत नाहीत.

ताई दारातच उभी होती. हाताला खळ लागलेली, धुतलेली नव्हती. “बघितलंत?”

“काय?”

“अहो, मी काय विचारतेय ते तुम्हाला कळतंय.”

ते चपला काढत राहिले. “बघितलं. त्यात काही नाही. लांबून आहे. धूळच दिसते.”

“आणि?”

“आणि काय? जागीच. आपल्याला सांगितलं होतं तसंच.”

ताईनं बोटावरची खळ नखानं खरवडली. मग म्हणाली, “तुमचं तोंड मला वाचता येतं. लग्न झाल्यापासून तेच करतेय.”

“अगं, कशाला उगाच…”

“सहा वर्षं त्या वाहिनीवाल्यांना फोन करताय. काय दाखवायचं ते ठरवणारे तुम्ही कोण म्हणून. आता तुम्ही पण तेच करणार का? पुढचं दाखवायचं आणि मागचं कापायचं?”

भावोजींनी खिशातून मोबाईल काढला. तो तिनं घेतला.

ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली, जिथे ती सहा वर्षांत बसली नव्हती. टीव्ही बंद होता. भावोजी तिच्या मागे उभे राहिले. वॉकीटॉकीचा आवाज खोलीत आला: थांबा, खात्री करतो. ताईनं डोळे मिटले नाहीत. हातमोजा वर आला तेव्हा तिचा स्वतःचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला. भिंत आली. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग पुन्हा, पण आता बाई पळत येते तिथपासून.

“जागीच नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“कळत होतं त्याला.”

“हो.”

“आणि तुम्ही म्हणता धूळ दिसते.”

भावोजींना वाटलं, आता ती मोबाईल फेकेल, किंवा कोसळेल. तिनं चित्र थांबवलं. वाकलेली नारिंगी पाठ आणि बाहीवरचा हात. ती त्याच्याकडे इतक्या जवळून बघत होती की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. बाहेर उजेड होता, जिन्यात कोणाचं तरी भांडण चाललं होतं.

“बोलतोय तो,” ती म्हणाली. “ही मान हलवतेय बघा. दोनदा. तो काहीतरी सांगतोय आणि ही हो म्हणतेय.”

“आवाज नाही त्यात.”

“तिला तर ऐकू आलंय ना?” ताई वळली. “कोण आहे ती?”

हे भावोजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी सहा वर्षं कॅमेऱ्याचाच विचार केला होता. त्या वळणावर माणसंही उभी असतात, हे ते विसरले होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी रोलर मावशींवर सोपवला आणि मागच्या फाटकाशी गेले. ड्रायव्हर गाडी धूत होता. त्यांना बघून त्यानं पाइप बंद केला.

“ती झेंडेवाली? ओळखतो की. टपाल खात्यात आहे. पगारी नाही हे काम, हौसेनं करतात ते लोक. त्या दिवसानंतर बाकीच्यांनी जागा बदलून घेतल्या. ती नाही. अजून त्याच वळणावर उभी राहते.”

“तिला कधी विचारलंस, तो काय म्हणाला?”

“विचारलं होतं एकदा.” ड्रायव्हरनं हात पुसले. “म्हणाली, घरचं कोणी आलं तर सांगेन. कोणी आलंच नाही म्हणाली.”

“आम्हाला ती आहे हे कुठे माहीत होतं?”

“तिला तरी कुठे माहीत की तुम्हाला माहीत नाही? तिला वाटलं, तुम्ही टीव्हीवर सगळं बघितलं असेल.”

भावोजी खाली गेले. मावशींना म्हणाले, उद्याची माझी पाळी कोणाला तरी द्या. मावशींनी का म्हणून विचारलं नाही, हे त्या धुलाईघरातलं त्या दिवशीचं मोठं आश्चर्य होतं. त्या म्हणाल्या, “मीच ओढीन दोन्ही टोकं. जा.”

घरी ताईनं वाचनालयात रजा सांगून ठेवली होती. तिला एकच भीती होती आणि ती तिनं जेवताना बोलून दाखवली. “आपल्यावर रागावला असेल तर? मी टाळ्या वाजवत होते.”

“त्याला ते कुठून कळणार?”

“मला कळतंय ना.”

भावोजींनी तिच्या ताटात भाजी वाढली. तो काय म्हणाला ते झेंडेवालीकडून ऐकायलाच उद्या जायचं होतं. सोबत काय न्यायचं, पाण्याच्या बाटल्या किती, परतीची बस कुठून, यावर दोघं बरंच बोलली. छोट्याचं नाव कोणी घेतलं नाही. तरी त्या खोलीत, बंद टीव्हीच्या डाव्या कडेला, दोघांचीही नजर अधूनमधून जात होती.

उद्या शनिवार. शनिवारी ट्रॅकवर फक्त सराव असतो, सकाळी आठला सुरू होतो आणि त्याचं प्रक्षेपण कुठल्याही वाहिनीवर होत नाही. झेंडेवाले साडेसहाला आपापल्या वळणावर हजर होतात. तिकडे जाणारी पहिली बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते.